भिंतीवरचं केळं, न्यूयॉर्कमधलं वावर आणि आपल्या रस्त्याकडचं बोंड

२०२४च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका लिलावात भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं केळं ६२ लाख डॉलरला गेलं. आपल्या हिशेबात ५२ कोटी रुपयांच्या घरात. बातमी आमच्या गावच्या ग्रुपवर आली तेव्हा इकडे वणीच्या पट्ट्यात कापसाची वेचणी सुरू होती. पहिला मेसेज पडला, 'अन् आपल्या कापसाले भाव नाही.' दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लोकांनी मला गाठलं, कारण मी शाळेत चित्रकला शिकवतो. "सर, हे खरं हाय का? अन् खरं असन तं याले कला कावून म्हणतेत?"

प्रश्न रास्त होता. असा प्रश्न एकतर हसण्यावारी नेला जातो, नाहीतर विचारणाऱ्यालाच अडाणी ठरवलं जातं. दोन्हीकडे उत्तर राहूनच जातं. त्या दिवशी मलाही ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

## विकलं नेमकं काय?

हे काम इटलीच्या मॉरिझिओ कॅटेलान या कलाकाराचं. २०१९ साली अमेरिकेत मायामीच्या कलाबाजारात ते पहिल्यांदा लागलं, तेव्हा किंमत होती १ लाख २० हजार डॉलर. तिथे एकानं केळं भिंतीवरून काढून खाल्लं. गॅलरीनं दुसरं लावलं आणि काम पुन्हा जसंच्या तसं झालं. २०२४च्या लिलावात ज्यानं ते घेतलं, त्यानं तर पुढे हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमोर स्वतःच खाऊन टाकलं. तरी त्याच्याजवळचं काहीही कमी झालं नाही.

कारण त्यानं विकत घेतला होता तो एक दाखला, आणि सोबत सूचनांचा कागद: केळं किती उंचीवर लावायचं, कसं लावायचं, नासलं की बदलायचं. सातबारा आठवा. वावरात यंदा कपाशी आहे, पुढच्या साली सोयाबीन असेल, धुऱ्याकडून तुरीचं तास असेल. पीक येतं आणि जातं, सातबाऱ्यावरचं नाव राहतं. इथे केळं म्हणजे त्या वर्षाचं पीक, आणि दाखला म्हणजे सातबारा.

एवढ्यानं व्यवहार कळतो. त्याला कला का म्हणायचं, हे कळायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

## दुकानातून आणलेलं भांडं

१९१७ साली न्यूयॉर्कमध्ये एक मोठं प्रदर्शन ठरलं. नियम साधा होता: फी भरेल त्याचं काम लावायचं, निवड करायची नाही. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकारानं दुकानातून चिनी मातीचं मुतारीचं भांडं आणलं, ते आडवं ठेवलं, त्यावर खोट्या नावानं सही केली, 'कारंजं' असं नाव दिलं आणि पाठवून दिलं. आयोजकांत भांडण जुंपलं आणि काम प्रदर्शनात लागलंच नाही. मूळ भांडं पुढे हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्या त्याच्याच संमतीनं नंतर केलेल्या प्रती.

तोवर चित्राची, मूर्तीची पारख सुबकपणावर व्हायची. द्युशाँनं विचारलं की वस्तू मी घडवली नाही, पण मी ती निवडली, जागेवरून हलवली, नवं नाव दिलं आणि तुम्हाला तिच्याकडे पाहायला लावलं, मग हे कामच नाही का?

ऐकायला हे विचित्र वाटतं, पण आपल्याला ते अगदीच परकं नाही. सेवाग्रामला बापूकुटीत गेला असाल. मातीच्या भिंती, वर कवेलू, जमिनीवर चटई. तशी घरं आपल्या आजोबांचीही होती, त्यांच्यापुढे कुणी आवाज खाली आणत नव्हतं. बापूकुटीत मात्र आपोआप आवाज खाली येतो. कुटी ही काही कलाकृती नव्हे. पण वस्तू कुणी निवडली आणि ती आपल्यापुढे कशी ठेवली आहे, त्यावर आपली नजर बदलते, हे तिथे उभं राहिलं की कळतं. द्युशाँनंतरच्या कलाकारांनी या बदलणाऱ्या नजरेलाच हाताशी धरलं.

समकालीन कला म्हणजे आपल्याच काळातल्या कलाकारांची कला. ती चित्रात असेल, व्हिडिओत असेल, नाहीतर मांडणशिल्पात. मांडणशिल्प म्हणजे वस्तू, उजेड, आवाज यांची अशी मांडणी की पाहणारा तिच्यासमोर किंवा थेट तिच्या आत उभा राहतो.

## अजब बंगला आणि आजचं संग्रहालय

आपल्याकडे संग्रहालय म्हटलं की नागपूरचा अजब बंगला डोळ्यापुढे येतो. १८६३ सालचं ते संग्रहालय, सहल गेली की पेंढा भरलेले प्राणी आणि जुनी शस्त्रं पाहून परत. तिथे वस्तू जपलेल्या असतात आणि आपण माहिती घेतो. समकालीन कलेच्या संग्रहालयात काही महिन्यांनी खोल्याच बदलतात. भिंती रंगवल्या जातात, एक प्रदर्शन उतरतं, दुसरं चढतं.

ही मांडणी ठरवणाऱ्याला क्युरेटर म्हणतात. लग्नात रुखवत मांडणारी आत्या आठवा. सगळे लाडू तिनं वळलेले नसतात, तोरण तिनं विणलेलं नसतं. पण कशाशेजारी काय ठेवायचं, आधी काय दिसावं, कुठे जागा मोकळी सोडावी, हे तिला कळतं. तेच सामान दुसऱ्यानं मांडलं की नुसता ढीग दिसतो.

कधी संग्रहालय कलाकाराला बोलावतं आणि सांगतं, ही इमारत पाहा, हा संग्रह पाहा आणि इथल्यासाठीच काहीतरी कर. याला कलाकार प्रकल्प म्हणतात. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली उघडलेलं. जुन्या मुंबईतल्या लोकांच्या, व्यवसायांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती तिथे आहेत. या संग्रहाला आजच्या कलाकारांनी उत्तर द्यावं म्हणून तिथे असे प्रकल्प होत आले आहेत. २०११ साली मुंबईचे जितीश कल्लाट यांनी तिथे काम केलं.

पण जागा कशी बोलते हे त्यांच्याच आधीच्या एका कामात जास्त स्पष्ट दिसतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या जागी १८९३ साली सर्वधर्म परिषद भरली होती. ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंदांनी तिथे भाषण केलं आणि धर्मवेडाचा शेवट व्हावा अशी आशा बोलून दाखवली. पुढे ११ सप्टेंबर या तारखेला अमेरिकेत काय घडलं ते सगळ्या जगानं पाहिलं. कल्लाटांनी २०१० साली त्याच तारखेला, त्या इमारतीच्या मोठ्या जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत लावलं. दिव्यांचे रंग पाच, आणि ते अमेरिकी सरकारनं अतिरेकी हल्ल्याचा धोका कमी-जास्त सांगायला ठरवलेले. माणूस जिना चढता चढता भाषण वाचतो. हेच काम दुसऱ्या इमारतीत नेलं तर त्याचा निम्मा अर्थ जिन्यावरच राहील.

## न्यूयॉर्कमधलं दोन एकर वावर

केळ्याचं काम मला स्वतःला फारसं आवडत नाही, हे सांगून टाकतो. समकालीन कला काय करू शकते असं कुणी विचारलं तर मी दुसऱ्याच कामाची गोष्ट सांगतो.

१९८२ साली अ‍ॅग्नेस डेनिस या कलाकारानं न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर दोन एकर गहू पेरला. शेजारी वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे, थोड्या अंतरावर वॉल स्ट्रीट, म्हणजे जिथे शेअरचे, पैशाचे सौदे कागदावर होतात ती पेठ. त्या जमिनीची किंमत साडेचार अब्ज डॉलर सांगितली जात होती. आधी दगड आणि कचरा वेचला. दोनशे ट्रक माती आणून टाकली. २८५ तासं हातानं काढली, बी हातानं टाकलं. मग पाणी देणं, निंदण, खत, रोगावर फवारणी. चार महिने वावर राखलं आणि १६ ऑगस्टला सोंगणी केली. हजार पौंडांवर गहू झाला, म्हणजे साडेचार क्विंटल.

टपरीवर हे सांगितलं तेव्हा शेजारी बसलेल्या काकांनी लगेच हिशेब केला. "दोन एकरात साडेचार? उतारा नाही आला." बरोबर आहे. भरावाच्या जमिनीत, पहिल्याच वर्षी, उन्हाळ्याच्या गव्हाला तेवढाच येणार. पण त्यांनी पुढे विचारलं ते महत्त्वाचं होतं. "मंग तेवढ्या महागाच्या जागेत गहू कावून पेरला?"

कलाकृती नेमकी या प्रश्नात आहे. अब्जावधींच्या जागेत साडेचार क्विंटल गहू उभा राहिला की पाहणाऱ्याच्या डोक्यात दोन किमती शेजारी येऊन बसतात, जमिनीची आणि भाकरीची. कुणी भाषण देत नाही, कुणी फलक धरत नाही. गव्हाच्या ओंब्या आणि मागे उंच मनोरे, बस. फोटोतही ते पाहिलं की पोटात हलतं. आपल्याकडे गावाजवळच्या वावरात प्लॉट पडतात, तेव्हा हीच गोष्ट उलट्या दिशेनं घडते, आणि तेव्हा मात्र आपण नुसता भाव विचारतो.

## 'हे तं माहं पोट्टंही करन'

ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते. केळं चिकटवायला कौशल्य लागत नाही, हे खरं. पण त्यावरून सगळी समकालीन कला बिनकष्टाची ठरत नाही. चीनच्या आय वेईवेई या कलाकारानं २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात सूर्यफुलाच्या १० कोटी बिया पसरल्या. एकही बी खरी नव्हती. चिनी मातीची प्रत्येक बी हातानं घडवून हातानं रंगवलेली होती. जिंगडेझेन या चिनी मातीच्या कामाच्या शहरात १,६०० हून जास्त कारागिरांचे हात त्याला लागले. दुरून करड्या वाळूचं मैदान, जवळून प्रत्येक बी वेगळी. १०० कोटींहून जास्त माणसांच्या देशातून आलेल्या कलाकारानं हे करावं, यात काय म्हटलं आहे ते ओळखायला पुस्तक लागत नाही.

पोरगं करू शकेल असंही काम असतं. तिथे हात किती चालला यापेक्षा सुचलं कुणाला, कुठे आणि का, हे पाहावं. बुजगावणं कुणीही बांधतं. पण वावरात कोणत्या कोपऱ्यात, वारा कुठून येतो ते पाहून उभं केलं तरच पाखरं फसतात.

## सुंदर नाही, मग पाहायचं कशाला?

याचं उत्तर मला सास्तीत मिळालं. राजुऱ्याजवळचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती, कोळशाच्या खाणीचं गाव. प्रभाकर पाचपुते या गावचे, १९८६ सालचा जन्म. घरच्या तीन पिढ्या खाणीशी बांधलेल्या. खैरागडला मूर्तिकला शिकले, पुढे बडोद्याला गेले, आणि चित्रं काढायला त्यांनी हाती घेतला कोळसाच. कागदावर तर काढलीच, पण प्रदर्शनाच्या भिंतीवर थेट, भिंतभर कोळशानं चित्रं काढली. त्यांच्या चित्रांत माणसाचं धड असतं, डोक्याच्या जागी कधी खाणीतला दिवा, कधी अवजार, कधी घर. जमीन खालून पोखरलेली असते. आपल्याकडे ज्यांनी खुल्या खाणीच्या काठावर उभं राहून खाली पाहिलं आहे, त्यांना ही चित्रं समजावून सांगावी लागत नाहीत.

२०१२ साली मुंबईत त्यांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं. पुढे कोचीच्या आणि ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाजत्रेत, त्यांचं काम होतं. वेल्समधल्या कार्डिफ शहरात 'आर्टेस मुंडी' हा मोठा पुरस्कार दिला जातो. २०२१ साली तो अंतिम यादीतल्या सहाही कलाकारांना मिळून दिला गेला, त्यांत पाचपुते होते. वेल्स हाही एकेकाळचा कोळशाचा मुलूख. तिथल्या खाणकामगाराच्या नातवाला सास्तीचं चित्र वाचायला दुभाष्या लागला नसेल.

या चित्रांना सुंदर म्हणावं का, मला माहीत नाही. ती पाहिली की श्वास जड होतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मे महिन्याच्या दुपारी होतो तसा. काही कामांचं काम तेवढंच असतं.

## पुसून टाकायचं, मग उरलं काय?

भिंतीवर काढलेलं असं चित्र प्रदर्शन संपलं की पांढऱ्या रंगाखाली जातं. केळं नासतं, गहू कापला जातो. "मंग फायदा काय?" असं विचारणारा माणूस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः मारबत घेऊन निघालेला असतो. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत १८८०च्या दशकापासून निघते. सोबत बडगे निघतात, त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचे पुतळे: महागाईचा, भ्रष्टाचाराचा. कितीतरी दिवस राबून बांबू, कागद, रंगानं ते उभे करायचे, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर न्यायचे आणि जाळून टाकायचे. जपून ठेवलेली मारबत मारबत राहत नाही. आमच्या पोरांच्या छोट्या मारबतीलाही हेच लागू आहे. ते जाळणंही त्या कामात धरलेलंच असतं.

भुलाबाईच्या गाण्यांनंतर डबा हलवून पोरी विचारतात, 'खाऊ ओळखा'. ओळखणारा नसेल तर खेळ पुरा होत नाही. मांडणशिल्पासमोर आपण त्या ओळखणाऱ्याच्या जागी असतो. म्हणून 'याचा अर्थ काय' हे आधी पाटीवर शोधू नये. आधी वस्तू पाहावी, तिच्याभोवती फिरावं, ती कशाची बनली आहे, इथेच का ठेवली आहे, शेजारी काय आहे, हे पाहावं. मग पाटी वाचावी. तरीही काही हाती लागलं नाही तर पुढच्या खोलीत जावं. सगळं आवडलंच पाहिजे असं कुठे आहे? वाईट कामंही भरपूर असतात.

## पण ५२ कोटी?

शंकरपटात पहिला आलेला बैल आणि वखराचा बैल, पाय दोघांनाही चारच. तरी पटाच्या बैलाला मागेल ती किंमत येते, कारण दोन हौशी माणसं एकाच बैलावर अडून बसतात. कलेचा लिलाव असाच चालतो. तिथली किंमत दोन श्रीमंतांच्या चढाओढीची असते, त्यावरून काम चांगलं की वाईट हे ठरत नाही. आणि संग्रहालय म्हणजे लिलावघर नव्हे. मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत थोड्या पैशांच्या तिकिटात जे पाहायला मिळतं, त्यातलं बहुतेक आयुष्यात कधी विक्रीला येणारही नाही.

तरी टपरीवरचा राग मला खोटा वाटत नाही. ते केळं लिलावघराजवळच्या एका फळवाल्याकडून ३५ सेंटला, म्हणजे आपल्या तीसेक रुपयांना आणलं होतं. मूळ बांगलादेशच्या त्या म्हाताऱ्या माणसाला पुढची किंमत कळली तेव्हा रडू कोसळलं, असं तिथल्या वृत्तपत्रात आलं. कापूस पिकवणाऱ्या माणसाला ते रडू समजतं. ती किंमत मला पटत नाही. पण तीस रुपये आणि ५२ कोटी यांच्यामधली दरी त्या केळ्यामुळे जगभर बोलली गेली, हेही खरं आहे.

## गावाशी याचं काय देणंघेणं?

गडचिरोलीला लागून बस्तर आहे. तिथल्या कोंडागावात नवज्योत अल्ताफ या कलाकार बाईंनी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून आदिवासी कलाकारांसोबत काम केलं. त्यांनी मिळून हापशीभोवतीच्या जागा घडवल्या, त्यांना 'नलपार' म्हणतात. भोवती भिंत आणि ओटे आले, भरलेली घागर डोक्यावर घेण्याआधी मध्ये टेकवायला जागा आली. पाणी भरणाऱ्या बाईची कंबर कुठे वाकते हे कुणीतरी नीट पाहिलं होतं. सौंसर तालुक्यातल्या पारडसिंग्यात, नागपूरच्या सीमेपलीकडे, 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट' मधले शेतकरी, बाया आणि कलाकार मिळून वावरातच पेरणीतून चित्रं उगवतात आणि कापसाच्या राख्यांत बी ठेवून त्या विकतात.

हे वाचूनच गेल्या वर्षी मी आमच्या सातवीच्या पोरांकडून एक काम करून घेतलं. आमच्या गावाजवळून कोळशाचे ट्रक जातात. रस्त्याकडच्या वावरातलं बोंड हातात घेतलं की आधी कळत नाही. वाळलेल्या पाकळ्यांची टोकं बोटाला टोचतात, कापूस वरून राखाडी दिसतो. तो फाकवला की आत पांढरा निघतो, आणि आपलं बोट काळं झालेलं असतं. जिनिंगवर मूठभर कापूस उचलून पाहतात, 'काळा हाय' म्हणतात आणि भाव कापतात. त्या बोंडाकडे यापलीकडे कुणी पाहत नाही.

पोरांनी रस्त्यापासून पावलं मोजली. दर पन्नास पावलांवर एक बोंड तोडलं. अशी बारा बोंडं शाळेच्या व्हरांड्यात एका दोरीवर ओळीनं टांगली. खाली चिठ्ठीवर फक्त पावलांचा आकडा. पहिलं राखेसारखं, बारावं दुधासारखं. पालकसभेला आलेले लोक आधी हसले, मग ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि काही जण पुन्हा परत आले. टपरीवरचे तेच काका पहिल्या बोंडापुढे बराच वेळ थांबले. म्हणाले, "सर, हे काही सगळ्यात काळं नोहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी ते फाटकाशी उभे होते. खिशातून रुमाल काढला, तो उलगडला, आत त्यांच्या वावरातलं एक बोंड होतं. आम्ही ते पहिल्याच्याही आधी टांगलं. चिठ्ठीवर काय लिहायचं म्हणून पोरांनी विचारलं, तर काका म्हणाले, "सहा पावलं लिहा."